वाचकांचे प्रश्न : मृतांचा आकडा आणि तो सांगणारा माणूस

गेल्या अंकातील सशस्त्र संघर्षांच्या अभ्यासावरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : एकाच युद्धातील मृतांचे आकडे निरनिराळ्या संस्था निरनिराळे देतात आणि हा फरक थोडाथोडका नसून काही पटींचा असतो. मग विश्वास कोणावर ठेवायचा? की हे सगळे अंदाजपंचेच चालते?

उत्तर : अंदाजपंचे चालत नाही. प्रत्येक आकड्यामागे एक व्याख्या आणि मोजण्याची एक रीत असते; बातमीपर्यंत आकडा पोहोचतो तेव्हा या दोन्ही गोष्टी वाटेत गळून पडलेल्या असतात. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा संघर्षविषयक माहिती प्रकल्प एका वर्षात लढाईशी संबंधित किमान २५ मृत्यू झाले तरच त्या प्रकरणाची सशस्त्र संघर्ष म्हणून नोंद करतो आणि ही संख्या १,००० वर गेली की त्याला युद्ध म्हणतो. उलट अ‍ॅक्लेड ही संस्था अशी कोणतीही किमान मर्यादा लावत नाही. ज्या चकमकीत एकही जीव गेला नाही, तिचीही ती नोंद करते. दोघांच्या तक्त्यांत एकाच देशाचे चित्र वेगळे दिसले, तर त्यात कोणाची लबाडी नसते.

काही वेळा मात्र फरक व्याख्येपेक्षा रीतीत असतो. इराकमध्ये २००३ च्या आक्रमणापासून २००६ च्या मध्यापर्यंत किती माणसे दगावली, यावर घरोघर जाऊन केलेल्या दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील पाहणीने ६,५४,९६५ अतिरिक्त मृत्यूंचा, म्हणजे युद्ध नसते तर झाले असते त्यांहून जास्तीच्या मृत्यूंचा, अंदाज दिला आणि त्यांपैकी सुमारे सहा लाख हिंसेमुळे झाल्याचे सांगितले. इराकी आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या पाहणीत हिंसक मृत्यूंचा अंदाज १,५१,००० निघाला. पहिली पाहणी ४७ ठिकाणच्या १,८४९ घरांवर आधारलेली होती, तर दुसरीत ९,३४५ घरे होती. हिंसा गावागणिक, गल्लीगणिक कमीजास्त असते. ठिकाणे मोजकीच घेतली तर एखादी भीषण गल्ली साऱ्या देशाचा अंदाज फुगवू शकते. माझा कौल म्हणूनच मोठ्या नमुन्याच्या बाजूने आहे, जरी त्या पाहणीतही भीतीपोटी लपवलेले मृत्यू सुटले असण्याची शक्यता उरतेच.

नीट मोजल्यावर आकडा चढेल की उतरेल, हे आधी सांगता येत नाही, हे दोन देशांच्या अनुभवावरून दिसते. बोस्नियातील १९९२ ते १९९५ च्या युद्धात दोन लाख माणसे मारली गेली, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. साराएवोतील एका संशोधन केंद्राने एकेक नाव गोळा केले, त्याची पडताळणी केली आणि २००७ मध्ये ९७,२०७ मृत आणि बेपत्ता व्यक्तींची यादी मांडली. आकडा उतरला म्हणून अनेकांना ते दुखावणारे वाटले. मला ते काम फार मोलाचे वाटते, कारण त्या यादीतील प्रत्येक मृताला नाव मिळाले. पेरूमध्ये नेमके उलटे घडले. १९८० ते २००० या काळातील हिंसाचाराचा तपास करणाऱ्या सत्यशोधन आयोगाकडे सुमारे २४,००० बळींची नोंद होती. संख्याशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या संस्थांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि २००३ च्या अहवालात बळींचा अंदाज ६९,२८० वर गेला. तळ्यातले काही मासे पकडून, खूण करून सोडायचे आणि पुन्हा जाळे टाकल्यावर खुणेचे किती येतात यावरून एकूण माशांचा अंदाज बांधायचा, तसेच हे तंत्र आहे. दोन स्वतंत्र याद्यांत तीच नावे क्वचितच आढळली, तर कोणत्याही यादीत न आलेली माणसे बरीच आहेत असे समजायचे. त्या बळींपैकी बहुसंख्य लोक केचुआ किंवा अन्य मूळनिवासी भाषा बोलणारे ग्रामीण रहिवासी होते. राजधानीच्या कागदांत त्यांचे मरण उमटलेच नव्हते.

प्रश्न : सशस्त्र हिंसाचार म्हणजे युद्ध आणि दहशतवाद, एवढेच का?

उत्तर : नाही. २०११ च्या एका जागतिक अहवालाने वर्षाला सुमारे ५,२६,००० हिंसक मृत्यूंचा अंदाज दिला होता आणि त्यांपैकी केवळ ५५,००० संघर्षातील थेट मृत्यू होते. उरलेल्यांत बहुतांश खून होते. म्हणून या क्षेत्रातील अभ्यासक लढायांइतकेच टोळ्यांकडे, घरातील हिंसेकडे आणि बंदुकांच्या प्रसाराकडे लक्ष देतात.

प्रश्न : अशा संशोधन संस्था सरकारांना आणि कंपन्यांना पैसे घेऊन सल्लाही देतात. पैसे देणाऱ्याच्या मनासारखा निष्कर्ष निघत नाही, याची खात्री काय?

उत्तर : पूर्ण खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण पारख करता येते. संस्थेने मोजण्याची रीत उघड केली आहे का, पैसा कोणाचा हे अहवालात लिहिले आहे का आणि निष्कर्ष बदलण्याचा हक्क करारात ग्राहकाला दिला आहे का, हे पाहावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ग्राहकाला चुका दाखवण्याची मुभा असावी, वाक्ये गाळण्याची नसावी.

चांगले काम किती बारीक असते, याचा एक नमुना सांगतो. शस्त्रांचा माग काढणारा तपासनीस रणभूमीवर जप्त झालेली रायफल स्वतः हातात घेतो, तिच्या धातूवर कोरलेल्या कारखान्याच्या खुणेचे आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र काढतो, अनुक्रमांक कानशीने घासला असेल तर तेही नोंदवतो. मग ज्या देशात ती बनली, त्या देशाला लेखी विचारले जाते की ती कोणाला विकली होती. अशा शेकडो उत्तरांची साखळी जुळली, की एका सरकारने आपल्या सैन्यासाठी घेतलेला माल भलत्याच गटाकडे कसा गेला हे दिसू लागते. अशा अहवालाला पैसा कोणी दिला हे विचारावेच, पण अनुक्रमांक कोणालाही पुन्हा तपासता येतो, ही त्याची खरी ताकद आहे.

प्रश्न : आमची लहानशी संस्था हिंसाचार सोसलेल्या लोकांचे अनुभव मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते. सायबर सुरक्षा ही मोठ्या देशांची आणि वीजकेंद्रांची गोष्ट असावी, असे आमच्या सहकाऱ्यांना वाटते. आम्ही काय करावे?

उत्तर : वीजकेंद्रांची गोष्ट खरी आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप सरकू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद पडत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली; माणसांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने खटके लावले, तेव्हा काही तासांत ती परत आली.

पण आपल्या सहकाऱ्यांना मी दुसरी घटना सांगेन. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती युद्धात आणि स्थलांतरात ताटातूट झालेल्या कुटुंबांची गाठ घालून देते. ९ नोव्हेंबर २०२१ रोजी घुसखोर तिच्या सर्व्हरमध्ये शिरले; ज्या त्रुटीतून ते शिरले, तिच्यावरचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, वेळेत बसवला गेला नव्हता. ही घुसखोरी १८ जानेवारी २०२२ रोजी लक्षात आली. तोवर ५,१५,००० हून अधिक लोकांची माहिती उघडी पडली होती. त्यांत बेपत्ता माणसे होती, कैदी होते, आईबापांपासून दुरावलेली मुले होती. लपून राहण्यातच ज्यांचा जीव वाचतो, अशांचे पत्ते एखाद्याच्या हाती लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडची माहिती याच जातीची आहे, म्हणून नाव आणि कथन कधीही एकत्र ठेवू नका. प्रत्येक व्यक्तीला एक सांकेतिक क्रमांक द्या आणि क्रमांकासमोरची नावे वेगळ्या जागी, मोजक्याच माणसांच्या ताब्यात ठेवा. ध्वनिमुद्रणात गावाचे, मुलांचे, शेजाऱ्याचे नाव येते, तेव्हा लिखित प्रतीतून ते काढा. जी माहिती लागत नाही ती विचारूच नका. जे गोळा केले नाही, ते कोणी चोरू शकत नाही. मूळ फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून निघणारा ठसा, नोंदवून ठेवा, म्हणजे पुढे न्यायालयात फाइल बदललेली नाही हे दाखवता येईल. मोबाइल आणि संगणकाचे अपडेट आले की त्याच आठवड्यात बसवा.

संमती घेताना फक्त सही घेऊ नका. ध्वनिमुद्रण कोठे राहील, कोण ऐकेल, ते बाहेर फुटले तर काय होऊ शकेल, हे त्या व्यक्तीच्या भाषेत सांगा आणि पुढे मन बदलल्यास कोणाला कळवायचे तेही सांगा. आणि तपासणी नाक्यांवरून जाणाऱ्या सहकाऱ्याच्या मोबाइलवर सध्या जी ध्वनिमुद्रणे पडून आहेत, ती सांकेतिक कुलूप लावलेल्या (एन्क्रिप्टेड) जागी हलवून, नीट ऐकू येतात याची खातरजमा करून, मोबाइलवरून आजच पुसून टाका.