नव्या सेप्टिक टाकीत गॅस कुठून येतो?

प्रश्न : घरकुलामागं सेप्टिक टाकी बांधली. स्लॅब टाकून दीड महिना झाला, मधात सोयाबीनची पेरणी आली म्हणून सेंट्रिंग (स्लॅबला खालून दिलेला फळ्या-बल्ल्यांचा आधार) आतच राह्यलं. टाकी एकदाही वापरली नाही, तरी लोक म्हणतात उतरू नका. घाणच नाही, तर गॅस कशाचा?
– एक मिस्त्री, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : अडवणारे बरोबर सांगत आहेत, त्यांचं ऐका. बंद टाकीत ओल्या फळ्या, बल्ल्या आणि झिरपलेलं पाणी आहे. ओलं लाकूड कुजताना हवेतला ऑक्सिजन खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. लोखंडी प्लेटा असल्या तरी निर्धास्त राहू नका. गंज चढतानाही ऑक्सिजनच खर्च होतो. बाहेरच्या हवेत तो 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली आत उतरू नये. 10 च्या खाली गेला तर काही मिनिटांत शुद्ध हरपते, 6 च्या खाली दोन-चार श्वासांतच. वास येत नाही, ओरडायला सवड मिळत नाही. मग वरचा भाऊबंद वाचवायला उडी घेतो आणि तोही पडतो. एका टाकीत दोन-तीन जीव जातात ते असे.

टाकीत दिवा सोडून हवा तपासण्यावर विसंबू नका. ज्योत साधारण 16 टक्क्यांवर विझते, म्हणजे दिवा जळत असतानाही हवा धोक्याची असू शकते. वापरलेल्या टाकीत तर मिथेन पेट घेतो. ठेकेदाराकडून गॅस मीटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन आणि गॅस मोजणारं यंत्र, मागा. तो मिळेपर्यंत काम थांबवा. सेंट्रिंग आणखी आठवडाभर आत राहिल्यानं स्लॅबचं काही बिघडत नाही.

सगळी झाकणं आदल्या दिवशीच काढा. धूळ उडवायचा इलेक्ट्रिक ब्लोअर बाहेर ठेवून 4 इंची पाइप तळापर्यंत सोडा. वरून वारा घातला तर तळाची हवा हलत नाही. अर्धा तास हवा द्या, मग मीटर दोरीनं सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजा. काम संपेपर्यंत ब्लोअर बंद करू नका. पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोल इंजिन टाकीत उतरवू नका, तोंडाजवळही ठेवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. उतरणाऱ्याला पूर्ण अंगाचा हार्नेस (अंगाभोवतीचा पट्ट्यांचा साज) आणि दोर बांधा. दोर तिकाटण्यावरच्या (तीन पायांच्या घोडीवरच्या) कप्पीतून घ्या, कारण बेशुद्ध माणूस नुसत्या हातांनी वर येत नाही. वर दोघं हवेत. आतला बोलेनासा झाला की दोर ओढा, 108 आणि 112 ला फोन करा. मागोमाग कुणीही उतरू नये.

पुढच्या टाकीला मात्र हा प्रसंगच येऊ देऊ नका. जमिनीवर ओतलेले आरसीसी ढापे (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या लाद्या) वरून बसवले की आत सेंट्रिंग राहतच नाही. साडेचार फूट लांब, दीड फूट रुंद, 3 इंच जाड ढापा सुमारे 120 किलो भरतो, म्हणून ओततानाच कड्या टाका आणि उचलायला चार माणसं लावा.

प्रश्न : स्लॅबच्या दिवशी मजूर बायांच्या पायाला फोड येतात. खोबरेल तेल लावलं तर चालेल का?
– एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : तेलानं भागत नाही. ओलं सिमेंट अतिशय अल्कधर्मी असतं आणि कातडी भाजत असताना लवकर दुखत नाही. म्हणून बाया संध्याकाळपर्यंत तशाच उभ्या राहतात. गमबूट द्या. बुटात माल शिरला तर बूट लगेच काढून पाय धुवा, नाहीतर बूटच ओलं सिमेंट कातडीशी धरून ठेवतो. हातमोजे रबरी हवेत. सुती मोजा ओला होऊन सिमेंट कातडीला चिकटवतो. कातडी भाजलीच तर 20 मिनिटं वाहतं पाणी सोडा. हळद, चुना, रॉकेल काही लावू नका. फोड किंवा काळपट डाग दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.