कोणत्या साइडला जाऊ, असं विचारणाऱ्या ज्युनियरला

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. वकिलीची सनद हातात येऊन चार महिने झाले आणि तू विचारतेस, क्रिमिनल साइड धरू, लेबर करू, की पुण्याला एखाद्या फर्ममध्ये जाऊन ट्रेडमार्क आणि करार बघू. शेवटी त्या बेकरीवाल्याला आलेल्या नोटिशीबद्दल दोन ओळी आहेत. माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातला महत्त्वाचा भाग तोच. त्यावर येतेच.

आपल्या सांगली-मिरजेकडे अशील साइड ठरवून येत नाही. तो कापडी पिशवी घेऊन येतो. पिशवीत नेमणुकीचं पत्र असतं, एखादा न वटलेला चेक असतो, कोण्या वकिलाची नोटीस असते, आणि बोलता बोलता शेवटी तो सांगतो, "काल ठाण्यातून फोन आला होता." त्याच्या लेखी हा सगळा एकच त्रास. लेबर, सिव्हिल, क्रिमिनल या वाटण्या आपल्या सोयीसाठी आहेत.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. एमआयडीसीतल्या एका मसाल्याच्या कारखान्यात नऊ वर्षं मिक्सिंग बघणारा एक माणूस राजीनामा देऊन बाहेर पडला. मेहुण्याला बरोबर घेऊन त्याने स्वतःचा कांदा-लसूण मसाला काढला. दोन महिन्यांत जुन्या मालकाची नोटीस आली: धंदा बंद करा, कंपनीच्या प्रमाणांची वही परत करा, नुकसानभरपाई द्या. करारात अट होती की नोकरी सोडल्यावर तीन वर्षं हाच धंदा करायचा नाही.

मला ती नोटीस फार सोपी वाटली. भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 27 पाठ होतं: कुणाला धंद्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. तिसऱ्या दिवशी चार पानी उत्तर रजिस्टर पोस्टाने रवाना केलं. त्यात एक वाक्य होतं: "सदर वहीतील प्रमाणे आमच्या अशिलाने नोकरीच्या काळात स्वतःच्या अनुभवावरून तयार केलेली असून सदर वही आमच्या अशिलाकडेच आहे."

तीन आठवड्यांनी गुन्हा दाखल झाला. नोकराने केलेला विश्वासघात. तेव्हा ते दंड संहितेचं 408 होतं, आता न्याय संहितेचं 316(4) आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अटकपूर्व जामिनाच्या अर्जावर सरकारी वकील उभे राहिले आणि त्यांनी माझंच उत्तर वाचून दाखवलं. नोकरीच्या काळात तयार केली, आणि वही त्याच्याकडेच आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 ते सांगतं. पण वकिलाच्या लेटरहेडवर, अशिलाच्या सूचनेवरून म्हणून गेलेलं वाक्य त्याच्याविरुद्ध वाचता येतं. जे पोलिसांना त्याच्याकडून काढता आलं नसतं ते मी टाइप करून, सही करून पाठवलं होतं. सत्र न्यायालयाने अर्ज फेटाळला. त्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये समोर बसलेल्या त्याच्या बायकोच्या डोळ्याला डोळा देणं मला जमलं नाही. मुंबईला उच्च न्यायालयातून संरक्षण मिळालं. (तुमच्या पिढीला ती रात्रीची गाडी धरावी लागणार नाही, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. ही किती मोठी गोष्ट आहे ते आमच्या वयाच्या वकिलांना विचार.)

तेच वाक्य पुढे मालकाने मनाईच्या दाव्यातही निशाणी म्हणून, म्हणजे पुराव्याचा कागद म्हणून, दाखल केलं. म्हणून सांगते, अशिलाचं म्हणणं एकच असतं आणि ते चारही ठिकाणी वाचलं जातं. कामगार न्यायालयातली कैफियत फौजदारी कोर्टात दाखवली जाते, ट्रेडमार्कच्या अर्जात टाकलेली 'वापर सुरू केल्याची तारीख' राजीनाम्याच्या तारखेशी ताडून बघितली जाते. नोकरीत असतानाची तारीख चुकून पडली, तर मालकाचं निम्मं काम आपणच केलं.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि एक लेजर कागद घेऊन डाव्या बाजूला फक्त तारखा लिहायच्या. नेमणूक, राजीनामा, शेवटचा पगार, पहिलं बिल, पहिलं पाकीट छापून आलं तो दिवस, नोटीस मिळाली तो दिवस. समोर कुठल्या कागदावरून ते लिहिलं तेही टाकायचं. पहिला प्रश्न मात्र तारखांचाही नाही. पहिला प्रश्न: ठाण्यातून कोणी बोलावलंय का? कारण माणूस आत गेला तर बाकीच्या तिन्ही बाबी तशाच पडून राहतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खालची, हजर राहण्याची नोटीस आली असेल तर त्याने हजर व्हायचं, पोच घ्यायची, आणि तपासाला दिलेला जबाब पोलिसांपुढे सही करून द्यायचा नाही. अटक झालीच तर कारणं लेखी मिळाली का आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं का, ही घड्याळं त्या क्षणापासून लाव.

आणखी एक. त्या माणसाने मला विचारलं होतं, "मॅडम, वही जाळून टाकू का?" असं विचारणारा माणूस वाईट नसतो, घाबरलेला असतो. त्याला ठामपणे नाही म्हण. पुराव्याचा कागद नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो सल्ला देणारा वकील गोपनीयतेच्या संरक्षणाआड लपू शकत नाही. झालेल्या गोष्टीबद्दल अशील तुला जे सांगेल ते तुझ्यापाशीच राहतं. पुढे करायच्या गुन्ह्याला ते कवच नाही.

वहीचा मूळ प्रश्न मला आजही कायद्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो. नऊ वर्षांत हाताला जी चव लागली, मिरची किती भाजायची, खोबरं कधी टाकायचं, ती माणसाची. मालकाने कुलपात ठेवलेला, मोजक्यांना दाखवलेला कागद मालकाचा. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. करार आणि विश्वास यांच्या जोरावरच हे लढलं जातं. म्हणून वही कुणाच्या पैशाने घेतली, कुणाच्या अक्षरात आहे, कारखान्यात ती कुठे ठेवली जायची, हे विचारल्याशिवाय ती 'आमची' असं लिहू नये. मी विचारलं नव्हतं.

कलम 27 चाही फार भरवसा नको. नोकरी सोडल्यावर धंदा करू नको ही अट टिकत नाही, पण ठराविक काळ नोकरी कर नाहीतर पैसे भर ही अट वेगळी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची तीन वर्षं किंवा दोन लाख ही अट वैध ठरवली.

पाकिटाच्या बाबतीत आमचा माणूस चुकलाच होता. तोच लाल-पिवळा रंग आणि मालकाच्या नावातला शेवटचा शब्द. मी त्याला आठवड्यात पाकीट बदलायला लावलं, छापलेला माल वाया गेला, तो रागावला. पण अशिलाला आवडेल तेच सांगायचं असेल तर त्याला वकील कशाला हवा? नाव नोंदवलं की झालं असंही समजू नकोस. ट्रेड मार्क्स अधिनियमाचं कलम 34 आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क राखतं.

भागीदारीचं थोडक्यात: मेहुण्याबरोबरची फर्म नोंदवलेली नव्हती, एका दुकानदाराने पैसे थकवले तेव्हा भागीदारी अधिनियमाचं कलम 69 आडवं आलं, दावा लावता येईना.

आणि या सगळ्या गडबडीत त्याची ग्रॅच्युइटी मी विसरले होते. शेवटचा पगार 7,800. भागिले 26, गुणिले 15, गुणिले 9 वर्षं: 40,500 रुपये. माणूस राजीनामा देऊन गेलेला, बडतर्फ नव्हे, त्यामुळे नुसत्या आरोपावर ती अडवता येत नव्हती. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहिता लागू झाल्या, हा विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण सव्वीसचा भागाकार तोच आहे. त्या 40,500 वर त्या घराने पुढचं वर्ष काढलं. मोठ्या लढाईत अशी रक्कम आपल्याला छोटी वाटते, त्यांना वाटत नाही.

तर साइड कोणती? पहिली तीन वर्षं ठरवू नकोस. जे येत नाही ते येणाऱ्याकडे दे. ट्रेडमार्कचा अर्ज दुसऱ्याने भरला, कामगार न्यायालयात दुसरं कुणी उभं राहिलं तरी कमीपणा नाही. पण तारखांचा तो कागद तुझ्याकडे ठेव, आणि कुठलंही उत्तर, से (अर्जावरचं लेखी म्हणणं), कैफियत त्या कागदाला लावून बघितल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नकोस.

बेकरीवाल्याचं उत्तर अजून पाठवू नकोस. नोटिशीत पंधरा दिवस म्हटलेत, म्हणजे वेळ आहे. न वटलेल्या चेकची नोटीस असेल तर मात्र ते पंधरा दिवस कायद्याचे आहेत, आजच मला फोन कर. त्याच्याकडून नोटिशीचं मूळ पाकीटही मागून घे, पोस्टाच्या शिक्क्यासकट. बहुधा त्याने ते टाकून दिलं असेल. दुकानात शोधायला सांग. शनिवारी पाचनंतर मी ऑफिसला आहे, पिशवी घेऊन त्यालाही बरोबर आण.

तुझी,
मॅडम