पडीक शेत आणि तुझी नजर

नाशिक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. त्रिरश्मीच्या डोंगरावरच्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, कोरीव लेखांवर प्रबंध करायचं तू पक्कं केलंस हे वाचून फार बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस, त्यानं मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. तुझे मार्गदर्शक म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरातली आहेस हे आधी विसर आणि मग लेख वाच." आणि तू मला विचारतेस, "सर, ते विसरून मी कोणत्या डोळ्यांनी वाचू?"

विसरू नकोस. तुझ्या मार्गदर्शकांना काय सुचवायचंय ते मला कळतं, त्यांची काळजी खरी आहे. पण त्यांनी सांगितलेला उपाय मला पटत नाही, आणि का पटत नाही ते तुझ्याच पत्रातल्या उदाहरणावरून सांगतो.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, त्याच्या कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षाचा लेख तू वाचलास. भिक्षूंना कखडी गावात पूर्वी दिलेलं शेत कसलं जात नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) द्यावीत, अशी ती आज्ञा. या लेखांतल्या अक्षरांची वळणं, राजांचा क्रम, क्षत्रपांचा (शक राज्यकर्त्यांचा) काळ यांवर पंडितांनी पुष्कळ लिहिलंय आणि ते लिहिणं गरजेचंच होतं. तू मात्र पडीक शेतापाशी थांबलीस. दान दिलेली जमीन सहा वर्षांत पडीक कशी पडते, हा प्रश्न तुला पडला तो निफाडच्या मळ्यात वाढलीस म्हणून. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आहे आणि रानात कुसळं आहेत, असं तू लहानपणापासून पाहिलंयस. हा प्रश्न मला पडला नसता. माझे वडील नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये कामगार होते. नोटांच्या गोष्टींभोवती माझं बालपण गेलं, त्यामुळे कोणताही जुना लेख हाती आला की माझं लक्ष आधी रकमेकडे जातं. आपण दोघं त्याच भिंतीसमोर उभे राहिलो, तरी आपल्याला पहिली दिसणारी ओळ वेगळी असणार.

म्हणून तुझी नजर टाकून देऊ नकोस. ती टाकलीस तर तुझ्याजवळचा सगळ्यात चांगला प्रश्नच जाईल.

आता दुसरी बाजू, आणि ही मी जरा ठासून सांगणार आहे. त्याच पत्रात पुढे तू लिहितेस, "मजूर मिळाले नसणार, दुसरं काय!" इथे थांब. प्रश्न तुझ्या घरातून आला हे उत्तम झालं. पण उत्तरही तू घरातूनच आणलंस. आणि ते आणताना लेखातलं अर्धं वाक्य गाळलंस. लेख म्हणतो की ते शेत कसलं जात नाही, आणि गावही वसलेलं नाही. दुसरा भाग तुझ्या पत्रात कुठेच नाही. तू मुद्दाम वगळलास असं मी म्हणत नाही. मालकाच्या घरात वाढलेल्या माणसाला शेत आधी दिसतं आणि गाव नंतर, एवढंच. ऑक्टोबर छाटणीला तुमच्याकडे पेठ-सुरगाण्याहून जी माणसं येतात, त्यांच्यापैकी एखाद्या बाईला हा लेख सोप्या मराठीत वाचून दाखव. मला वाटतं, ती शेताचं नंतर विचारेल. आधी विचारेल, माणसं कुठं गेली?

माणसं कुठं गेली, हा तुझ्या प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो. गौतमीपुत्राच्याच अठराव्या वर्षाच्या आज्ञेत पश्चिम कखडीतलं दोनशे निवर्तनांचं जे शेत भिक्षूंना दिलं, ते आधी उषवदाताकडे होतं. म्हणजे गौतमीपुत्राचा शत्रू असलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाकडे. ही आज्ञा राजानं गोवर्धनच्या अमात्याला विजयी सैन्याच्या छावणीतून धाडली. नंतर पडीक पडलेलं शेत बहुधा हेच. मग लढाईत गाव उठलं का? नव्या राजवटीला घाबरून कुळं निघून गेली का? लेख काही सांगत नाही. म्हणून तूही ठामपणे सांगायचं नाहीस. पण हा प्रश्न तुझ्या एकटीच्या नजरेतून पूर्ण झाला नसता. तो त्या मजूर बाईच्या नजरेशिवाय अर्धाच राहिला असता.

तू ज्या डोंगरावर काम करणार आहेस, तिथे तर नजरांची लढाईच कोरून ठेवलेली आहे. दहाव्या लेण्यात उषवदात आपली पुण्याई मोजतो. तीन लाख गाई दिल्या, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन, शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. आणि तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी, गौतमी बलश्री आपल्या मेलेल्या मुलाची, म्हणजे गौतमीपुत्राची, आठवण कोरवून घेते. शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा, क्षहरात वंशाचं नामोनिशाण मिटवणारा. क्षहरात म्हणजे उषवदाताच्या सासऱ्याचंच घराणं. एकाच डोंगरावर दानशूर जावई आणि त्याच्या घराण्याचा उच्छेद करणाऱ्याची आई, दोघंही आपापली बाजू मांडताहेत. दोघांपैकी खोटं कुणी बोलत असेलच असं नाही. पण जावयाच्या लेखात सासऱ्याचा पराभव नाही, कारण तो अजून व्हायचा होता, आणि आई सांगत नाही की ज्यांना मुलानं संपवलं त्यांनीच याच भिक्षूसंघाला लेणं कोरून दिलं होतं.

तिसरा साक्षीदार जमिनीखाली सापडला. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. नहपानाची तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं पुन्हा आपला छाप मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच. त्या नाण्यांवर छाप मारणाऱ्याला इतिहास सांगायचा नव्हता, चलन चालवायचं होतं. म्हणूनच ती नाणी आईच्या शब्दांपेक्षा वेगळं काहीतरी सांगतात. घराणं संपवलं असेल, पण त्यांची चांदी वितळवत बसायला वेळ नव्हता किंवा तशी गरज नव्हती. बाजार तोच होता. (इथे प्रेस कामगाराचा मुलगा बोलतोय हे लक्षात घे, आणि त्या मानानं माझ्या या वाक्याला वजन दे.)

मग नजरेपलीकडे काहीच उरत नाही का? उरतं. तेही त्याच डोंगरावर आहे. नहपानाच्या काळातल्या बेचाळिसाव्या वर्षाच्या लेखात उषवदात तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवतो. दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा दरशेकडा एक या दरानं. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा पाऊण या दरानं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला कपड्यासाठी बारा कार्षापण मिळायचे. आता गणित कर. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, तेही दोनशे चाळीस. तंतोतंत! येवल्याच्या विणकराच्या घरातलं पोरगं हा लेख वाचताना श्रेणीकडे बघेल, पतसंस्थेत काम करणारा दर बघेल, उपासक चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, बघेल. पण दोनशे चाळीस सगळ्यांचे दोनशे चाळीसच येतील. कुठे बघायचं हे तुझं घर ठरवतं. तिथे काय आहे हे ठरवायचा अधिकार घराला देऊ नकोस. तुझ्या सगळ्या कामात ही एक गोष्ट सांभाळलीस तर मार्गदर्शकांची काळजी आपोआप मिटेल.

हे सांभाळायचं कसं, याची एक जुनी गोष्ट खगोलशास्त्रातली आहे. ग्रिनिचच्या वेधशाळेत दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेवरून आकाशातला तारा कधी जातो ते घड्याळाचे ठोके कानांनी मोजत टिपायचे. मुख्य ज्योतिर्विद मॅस्केलिन आणि त्याचा सहायक किनब्रूक यांच्या नोंदींत सेकंदाच्या आठ-दशांशाचा फरक येऊ लागला. सहायकाची चूक ठरवून १७९६ साली त्याला कामावरून काढलं. वीसेक वर्षांनी जर्मनीत बेसेलनं ते वाचलं आणि त्याला शंका आली. त्यानं स्वतःच्या नोंदी दुसऱ्या नामांकित निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. फरक त्यांच्यातही निघाला. डोळा आणि कान यांचा मेळ प्रत्येकाचा वेगळा. त्यानंतर खगोलशास्त्रज्ञ निरीक्षकागणिक हा फरक मोजून हिशेबात धरू लागले. "मला फरक पडत नाही" असं म्हणणाऱ्यापेक्षा "माझा फरक इतका आहे" असं लिहून देणारा जास्त विश्वासाचा ठरला. मला या गोष्टीत त्या बिचाऱ्या किनब्रूकचं फार वाईट वाटतं. फरक दोघांमधला होता, पण दोष धाकट्याच्या माथी गेला. विद्यापीठांत आजही असं होतं. मोठ्याची नजर म्हणजे तटस्थता आणि धाकट्याची नजर म्हणजे पूर्वग्रह. हे मनात ठेव, पण त्याचा राग कामात आणू नकोस.

आणि काही गोष्टी अशा आहेत की विशिष्ट जागी उभं राहिल्याशिवाय त्या दिसतच नाहीत. काळाराम मंदिरावर कुणी प्रबंध लिहायला घेतला तर काळा दगड, शिखर, मंडप यांवर शंभर पानं सहज भरतील, आणि ती शंभर पानं बिनचूकही असतील. पण २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जी माणसं तिथे आली आणि बंद दरवाजांबाहेर बसली, त्यांच्या नातवंडाला तेच मंदिर दरवाजांपासून दिसतं. कोणता दरवाजा कोण अडवून उभं होतं, दादासाहेब गायकवाडांनी पाच वर्षं ती माणसं कशी एकत्र ठेवली, हे प्रश्न त्याला पडतात. वास्तूच्या अभ्यासकाला ते पडणार नाहीत, कारण त्याच्यासाठी तो दरवाजा कायम उघडाच होता. अशा नातवंडाला "आधी विसर" म्हणणं हे अभ्यासाचं नुकसान आहे, आणि माझ्या मते अन्यायही आहे. मात्र त्या नातवंडालाही तारखा तपासाव्याच लागतील, कागद शोधावेच लागतील, आणि आजोबांनी सांगितलेलं एखादं वाक्य कागदाशी जुळलं नाही तर तेही लिहावं लागेल. ते लिहिताना हात जड होईल. तुझाही होईल, कधी ना कधी.

आता कामाचं बोलू. प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहिण्याआधी एक पान लिही आणि त्यावर तारीख घाल. मी कोण, मला या लेखांतून काय निघावंसं वाटतं, आणि काय निघालं तर मला त्रास होईल. तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तुझ्या बाबतीत मला वाटतं, कुळांनी शेत सोडलं यात मालकाचा किंवा राजाचा जाच होता असं दिसलं, तर ते तुला आवडणार नाही. मग तोच पुरावा तू जास्त नेटानं शोध. हे पान प्रबंधात छापायची गरज नाही, पण दर सहा महिन्यांनी काढून वाच. मधल्या काळात तुला जे जे सापडलं ते सगळं तुझ्या इच्छेप्रमाणेच निघत असेल, तर समज की तू एकाच बाजूला खणते आहेस.

दुसरं, एकाच वाचनावर विसंबू नकोस. भगवानलाल इंद्रजी जुनागढचे, सेनार पॅरिसचे, मिराशी आपले नागपूरचे. हे लेख वाचणाऱ्या या तिघा पंडितांची वाचनं शेजारी शेजारी मांड आणि जिथे ती जुळत नाहीत तिथे पेन्सिलनं खूण कर. जिथे दगड झिजलाय तिथे वाचणाऱ्याचं मन जास्त बोलतं. मग डोंगरावर जाऊन ते अक्षर स्वतः बघ. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात कोरीव अक्षर उठून दिसतं. भिंतीला हात लावू नकोस, आणि मोबाइलच्या फोटोवर भिस्त ठेवू नकोस.

तिसरं, गौतमीपुत्राच्या त्या आज्ञेत जमिनीला दिलेल्या सवलतींचा शब्द न् शब्द वाच. राजाच्या माणसांनी शेतात शिरू नये, मिठासाठी खणू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. ज्या गोष्टीला मनाई केली जाते ती एरवी सर्रास होत असते. म्हणजे इतरांच्या शेतात राजाची माणसं शिरत होती. महसूल खात्याचा अनुभव असलेल्या एखाद्या निवृत्त तलाठ्याशी या ओळींवर बोल. त्याला त्यात जे दिसेल ते मला आणि तुला दिसणार नाही. त्याचं सगळं मान्य करू नकोस, पण लिहून घे.

आणि तुझ्या मार्गदर्शकांशी वाद घालू नकोस. त्यांना गाळलेल्या अर्ध्या वाक्याची गोष्ट सांग. त्यांची भीती कुठे खरी होती हे तू स्वतःहून दाखवलंस, तर तुझा प्रश्न कुठे खरा आहे हेही ते ऐकून घेतील. माणूस चांगला आहे, मी त्यांना ओळखतो.

रविवारी सकाळी मी घरीच असतो. ते एक पान घेऊन ये, आणि कखडी नेमकं कुठे असावं याबद्दल तुझा काय अंदाज आहे तेही सांग. तालुक्याचे जुने नकाशे मी कपाटातून काढून ठेवतो. घरी आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सर