आधी दोघांनी मिळून जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा

इंग्लंडमधल्या रीडिंगहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय 34, गेलं सव्वा वर्ष दोघं मुलासाठी प्रयत्न करतायत. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सासूबाईंचा प्रश्न ठरलेला, "काय गं, गोड बातमी कधी?" आता त्यांचं म्हणणं, दिवाळीत तीन आठवडे पुण्याला या, सगळ्या तपासण्या एकदम उरकून टाकू. आणि नवरा म्हणतो, "आधी तुझ्या होऊ देत. तुझ्यात काही निघालं नाही तर माझी करू."

बाई गं, हे शेवटचं वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. ब्रिटनमध्ये दिवस न राहण्याची जी कारणं सापडतात, त्यांत साधारण 30 टक्के पुरुषाच्या बाजूची असतात. आणि वीर्यतपासणीइतकी सोपी तपासणी दुसरी नाही. सुई नाही, दुखणं नाही. तुझ्या गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायचं म्हणजे एक्स-रेच्या टेबलावर कळा सोसाव्या लागतात. मग सुरुवात कुणापासून करायची?

नमुना देण्याआधी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन टाळायचं आणि नमुना घरी घेतला तर तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, तोही गार न होऊ देता. आमच्या वेळी जानेवारी होता. नवऱ्याने ती छोटी डबी स्वेटरच्या आत, बगलेत धरली आणि सबंध बसप्रवासात हात हलवला नाही. रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या कमी आली. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "मधे ताप आला होता का?" आला होता, चांगला सणसणीत. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे तापाचा परिणाम पुढे बरेच दिवस दिसतो. तीन महिन्यांनी पुन्हा केलेली तपासणी व्यवस्थित आली. म्हणून सांगते, एका रिपोर्टवर कुणी कुणाला दोष देऊ नका.

आता पुण्याचं. तीन आठवड्यांत पाळीचं एक चक्रसुद्धा पुरं होत नाही. काही हार्मोन्स पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी बघतात, नलिकांचा एक्स-रे रक्तस्राव थांबल्यावर, आणि बीज बाहेर पडलं का हे सांगणारं प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. त्याला सरसकट "एकविसाव्या दिवसाची टेस्ट" म्हणतात, पण ते 28 दिवसांचं चक्र असणाऱ्यांसाठी. तुझं 35 दिवसांचं असेल तर 28 वा दिवस. चुकीच्या दिवशी रक्त दिलं की बीज तयारच होत नाही असा रिपोर्ट येतो आणि उगाच गोळ्या सुरू होतात. विमानाच्या तिकिटावर हे गणित बसत नाही.

वर्ष उलटून गेलंय, तेव्हा जीपीकडे जायला आता थांबू नका. (वय 36 किंवा जास्त असेल तर वर्षभरही थांबायचं नाही.) तिथे एक गोष्ट आपणहून सांग: तुला किंवा घरात कुणाला कधी टीबी झाला होता का. गर्भाशयाचा आणि नलिकांचा टीबी आपल्याकडे वंध्यत्वाचं मोठं कारण आहे. तो कसलीही लक्षणं न दाखवता नलिका बंद करू शकतो आणि इथल्या डॉक्टरच्या मनात तो चटकन येईलच असं नाही. रुबेलाची (जर्मन गोवराची) प्रतिकारशक्तीही तपासून घे. लस घ्यावी लागली तर पुढे महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. फॉलिक अ‍ॅसिड 400 मायक्रोग्रॅम रोज घेत नसशील तर आजच आण.

एएमएच या हार्मोनच्या रक्ततपासणीची जाहिरात बघून खाजगीत पैसे घालू नकोस. तो आकडा साधारण किती बीजं शिल्लक आहेत ते सांगतो. यंदा आपसूक दिवस राहतील की नाही, हे त्यावरून कळत नाही. आणि व्हिसावर असाल तर हेही माहीत असू दे: व्हिसासोबतचा हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी) भरूनही इंग्लंडमध्ये 2017 पासून आयव्हीएफ फुकट मिळत नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी तुझ्या नवऱ्याने बोलायचं, तू नाही. "आई, आम्ही दोघंही डॉक्टरांकडे जातोय. सांगण्यासारखं काही झालं की मीच फोन करीन. तोवर तिला विचारू नकोस." एवढं त्याने येत्या रविवारी, तू शेजारी बसलेली असताना म्हणावं. दिवाळीला पुण्याला जरूर जा, पण फराळाला.