लोकअदालतीत सही करण्यापूर्वी

प्रश्न (रामबाग, इंदूर): यजमान ४२ वर्षांचे, स्वतःचं नमकीनचं दुकान. दोन वर्षांपूर्वी देवास नाक्याजवळ ट्रकच्या धडकेत गेले. मागे मी, सासूबाई आणि दोन लहान मुलं. विमा कंपनी लोकअदालतीत १८ लाख द्यायला तयार आहे. घ्यावेत का?

उत्तर: ताई, अपघात पाहणारा तो चहावाला तुमचा साक्षीदार. वकील त्याला भेटेपर्यंत कंपनीला हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका.

तुम्ही पाठवलेली आयकराची तिन्ही रिटर्न पाहिली. दोनांत महिना १६ हजार आहेत. तिसऱ्यात २० हजार, पण ते भरलंय यजमान गेल्यावर. अशा रिटर्नकडे कोर्ट संशयानं बघतं, तेव्हा १६ च धरू. वर्षाचे झाले १ लाख ९२ हजार. अपघाताच्या भरपाईवरच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (सर्वोच्च न्यायालय, २०१७) चाळिशीतल्या धंदेवाल्याच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवायचे, चार जण अवलंबून म्हणून यजमानांच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा आणि ४२ व्या वर्षासाठी ठरलेल्या गुणकानं, म्हणजे १४ नं, गुणायचं. आले २५ लाख २० हजार. अंत्यविधी वगैरेची ठरावीक रक्कम आणि व्याज वेगळं.

आता दुखणं. ट्रकचालकावर चार्जशीट आहे, पण पोलिसांच्या नकाशात यजमानांची स्कूटर चुकीच्या बाजूला दाखवलीय. चौथाई चूक यजमानांची ठरली, तरी १८ लाख ९० हजार उरतात. निम्मी ठरली, तर १२ लाख ६० हजार. या दोन आकड्यांच्या मध्ये उभा आहे तो चहावाला.

वकिलांनी त्याच्या तोंडून ऐकावं, स्कूटर कुठून आली ते. पढवू मात्र नये. पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत कोसळताना मी पाहिलाय, आणि त्याच्याबरोबर एका विधवेची केसही. तो ठाम असेल, तर व्याजासकट २४ लाखांच्या खाली उतरू नका. डळमळत असेल, तर १८ लाख वाईट नाहीत. त्यात व्याज धरलंय का, ते आधी विचारा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही (विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम २१), त्यामुळे हा प्रश्न सहीनंतर सुचून उपयोग नाही.

मुलांच्या फीसाठी पैसे आत्ताच हवेत, असं तुम्ही लिहिलंय. ती गरज खरी आहे, हिशेबात ती धरायलाच हवी. पण ती तुमच्या वकिलांना सांगा, कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर बोलू नका.