‘पार्टी सहकार्यच करत नाही, मॅडम’

कोथरूड भागात रिसेलच्या फ्लॅटची कामं करणारा एक एजंट गेल्या वर्षी माझ्याकडे समुपदेशनासाठी आला. रात्री दोन-अडीचला जाग यायची, फोन वाजला की छातीत धडधडायचं. ‘पार्टी सहकार्यच करत नाही, मॅडम. माझंच काही चुकतंय का?’ या धंद्यातल्या बऱ्याच जणांकडून हा प्रश्न ऐकते, म्हणून त्याच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिते आहे.

पार्टी म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक काका. टू बीएचके विकून वाकडला मुलीकडे राहायला जायचं ठरलेलं. पण गिऱ्हाईक येणार म्हटलं की काका नेमके फिरायला निघायचे. घरी असलेच, तर हॉलमधल्या झोपाळ्यावरून हलायचे नाहीत आणि आपणहून सांगायचे, ‘पावसाळ्यात या भिंतीला ओल येते बरं का.’ एकाने टोकन दिलं, तर काकांनी पाच लाख वाढवून मागितले. कारण धड सांगेनात. सहा महिने नुसत्या चकरा. ब्रोकरेज खरेदीखत झाल्याशिवाय हातात पडत नाही, आणि घराचा हप्ता काही थांबत नाही.

काकांना पाठवलेले मेसेज मी त्याला वाचून दाखवायला सांगितले. रोज सकाळी एकच: ‘काका, कागदांचं काय झालं?’

‘कुठले कागद?’ मी विचारलं.

शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या कागदावर, काका-काकू दोघांचं नाव होतं. काकूंना जाऊन दीड वर्ष झालेलं. त्यांचं नाव कमी करायला सोसायटीत अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला, शिवाय मुलीचं हक्कसोडपत्र. सांगता सांगता तो थांबला. ‘म्हणजे मी रोज सकाळी त्यांना…’ एवढंच बोलला.

आठवडाभर एकही मेसेज करायचा नाही, असं ठरलं. गिऱ्हाईक न घेता जायचं, चहा घ्यायचा, आणि किमतीऐवजी वाकडच्या घराचं विचारायचं: झोपाळा तिथे लागेल का, काकूंच्या वस्तू कुठे ठेवणार. त्याला हे फार जड गेलं. कामाशिवाय कुणाकडे बसून राहायची त्याला सवयच नव्हती.

अडवणारा प्रत्येक मालक दुःखातच असतो, असं मी म्हणत नाही. काहींना फक्त भाव काढायचा असतो, काही जण एकाच वेळी चार एजंटना पळवतात. तिथे किंमत, ब्रोकरेज आणि मुदत लेखी घ्या, आणि मुदत संपली की नमस्कार करून बाहेर पडा. त्यात तुमची हार नाही. भाव काढणारा किमतीवर तासभर बोलतो. काका मात्र किमतीचा विषय निघाला की भिंतीच्या ओलीवर यायचे.

टोकन देणारं गिऱ्हाईक थांबलं नाही, पैसे परत करावे लागले. दोन महिन्यांनी काका स्वतःच म्हणाले, ‘चल, सोसायटीच्या ऑफिसात जाऊन येऊ.’ वाटेत झेरॉक्सवाल्याने किती प्रती म्हणून विचारलं, तर काका गप्प. ‘तीन द्या,’ एजंटनेच सांगितलं, आणि मूळ दाखला पिशवीत नीट घालून काकांच्या हातात दिला.

हे सांगायला तो आला तेव्हाही फ्लॅट विकला गेलेला नव्हता. झोप मात्र सलग लागत होती.