शेजाऱ्यांच्या थँक्सगिव्हिंगला जाताना

प्रश्न: आम्ही गिरगावात राहतो. नोव्हेंबरात मुलाकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. तिथल्या शेजाऱ्यांनी आम्हा सगळ्यांना थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावलंय. नववीतला नातू म्हणतो, 'तो कत्तलीचा सण आहे, मी येणार नाही.' सून म्हणते, 'कापणीचा सण आहे, जाऊया.' खरं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर: काकू, खुशाल जा. नातू आणि सून, दोघांच्याही हाती गोष्टीचा एकेक तुकडा आहे.

१६२१ साली अमेरिकेत, आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला, कापणीनंतर इंग्रज वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले, हे खरं. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसॅसॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला होता आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली, असं त्या वेळच्या एका पत्रात आहे. पण दरवर्षीचा राष्ट्रीय सण आला तो अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्या १८६३ च्या घोषणेतून, ऐन यादवी युद्धात. त्या घोषणेत प्लिमथचं नावसुद्धा नाही! मेजवानीची गोष्ट सणाला पुढे घट्ट चिकटली.

नातवाचा राग मात्र पोकळ नाही. वसाहत उभी राहिली ती साथीने ओस पडलेल्या वाम्पानोआगांच्याच गावाच्या जागेवर. पुढे मॅसॅसॉइटचाच मुलगा मेटाकॉम इंग्रजांशी लढताना १६७६ मध्ये मारला गेला. १९७० पासून याच दिवशी मूळ रहिवासी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. तेव्हा त्या देशातच ज्यावर एकमत नाही, त्याचा निकाल पाहुण्यांनी कशाला लावायचा?

आपलं तरी कुठे ठरलंय? सार्वजनिक गणपती टिळकांनी १८९३ मध्ये सुरू केला म्हणावं, तर पुण्यात लगेच कोणीतरी १८९२ आणि भाऊसाहेब रंगारींचं नाव काढतं. वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोतमाउलीच्या जत्रेला आपण हौसेने मेणबत्त्या लावतो; पोर्तुगीजांनी साष्टीत काय केलं याचा हिशेब मांडून कोणी तो डोंगर चढत नाही. म्हणून तो इतिहास खोटा ठरत नाही.

नातवाला ओढून नेऊ नका. आला तर टर्की (त्या दिवशी भाजतात तो पक्षी) कापली जात असताना व्याख्यान नको, एवढंच बजावा. यजमानांना विचारावं ते त्यांच्या घरचं: आजी काय करायची, कोण कुठून येतं. वाम्पानोआग आजही मॅसॅच्युसेट्समध्ये आहेत. त्यांचं म्हणणं त्याने जरूर वाचावं आणि घरी आल्यावर तुम्हालाही सांगावं.

जेवणाचं सुनेकरवी आधीच कळवा, ऐनवेळी नको. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते, स्टफिंगमध्येही (पावाचं सारण) बहुधा मांसाचा रस असतो. मॅश्ड पोटॅटो, क्रॅनबेरी सॉस चालेल. 'पाय' नावाच्या गोड पदार्थाच्या पारीत चरबी नाही ना, तेवढं विचारा. दिवाळीच्या उरलेल्या करंज्या नेऊ नका, ताज्या करा. टेबलाभोवती एकेकाला 'कशाबद्दल आभार मानता' असं विचारायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. तुम्ही मराठीत बोला, नातू इंग्रजीत सांगेल. न येण्याचा हट्ट सोडायला त्याला तेवढं कारण पुरेल बहुतेक.